पाठ

अठ्ठावीस वर्षं मी टर्नहाउटच्या कारखान्यात
पत्त्यांच्या पाठी तपासल्या.
चित्रं लिवेन बघायचा, खिडकीजवळच्या टेबलावर :
मनोरा, संन्यासी, उलटा टांगलेला माणूस.
माझ्या वाट्याला निळी जाळी,
जाळीत बारीक तारे,
आणि नियम एकच :
एकही पाठ दुसरीहून वेगळी दिसता कामा नये.
ठिपका सरकला, बाद.
कोपरा केसभर बोथट, बाद.
रात्रपाळीला माझ्याच खुर्चीत लुटगार्ड बसायची.
खुर्ची कधी गार झाली नाही.

एकदा घेंटहून एका बाईचं पत्र आलं.
तिच्या टॅरोत दोन चंद्र होते, सूर्य नव्हताच.
तक्रार नाही, लिहिलं होतं,
दोन वर्षं यावरच बघतेय, सगळं खरं निघतंय,
पण आता उजेडाची सवय करावी म्हणते.
सुटा सूर्य द्यायची सोय नव्हती.
साहेबांनी अख्खा कॅट पाठवला.

तसाच एक मलाही दिला, निवृत्तीच्या दिवशी,
सोनेरी कडांचा. कपाटात आहे, सेलोफेनसकट.

मी जाड कागद आणला, शाई आणली,
स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन हिवाळे काढले.
सम्राटाला फोरमनचा डगला घातला.
सिंह जमेना, म्हणून बलवान बाईच्या मांडीवर
लुटगार्डचं मांजर बसवलं, ते तसंही चावतं.
न्यायाचा तराजू वाकडा आला.
खोडणार होते, मग म्हटलं राहू दे.
मृत्यू कालव्याकाठानं सायकलवरून येतो,
पुढचा दिवा बंद,
पायाला चिमटा लावलेला, पॅन्ट साखळीत अडकू नये म्हणून.
त्याच्यावर माझे सगळ्यात जास्त दिवस गेले.
चाकाच्या तारा मोजून काढल्या आहेत.

अठ्ठ्याहत्तर झाले.
मग उलटे मांडले, आणि हसू आलं.
पेल्यांची तिर्री एका कडेला आखूड.
चंद्राच्या पाठीवर माझ्या अंगठ्याची शाई.
तलवारींची दश्शी फुगलेली, तेव्हा खिडकी उघडी राहिली होती.
आणि मृत्यूच्या पाठीवर
कॉफीच्या कपाचं वर्तुळ, एका बाजूला तुटलेलं.
एकूण एक पत्त्याची पाठ मला पाठ.
दुसऱ्या कुणाची असती ही करामत,
तर अख्खा कॅट मी लगद्यात टाकला असता.

लुटगार्ड मंगळवारी आली.
रिपोर्ट गुरुवारी मिळणार होता.
कोट न काढताच म्हणाली, बघ जरा.
कपाटातला काढू का, मी विचारलं.
निळी जाळी कुणाला ओळखत नाही,
म्हणून तिचं खरं मानावं,
हे मला तिथं बसून बसून कळलं होतं.
नको, ती म्हणाली, तुझेच काढ.

मी पिसले. तिनं डाव्या हातानं कापले.
वर आलं ते वर्तुळ,
एका बाजूला तुटलेलं.

एवढी वर्षं पगार घेतला तो याच एका गोष्टीचा,
की बोटांना काही कळू नये.
बोटांना कळलं.
अंगठा जरासा मागे घेतला,
वरचा पत्ता हलला नाही, खालचा सरकून आला :
तारा. गुडघ्यावर बसलेली बाई, दोन सुरया,
एकीतलं पाणी मी हिरवं केलं होतं, निळा संपला म्हणून.

लुटगार्डनं तारा पाहिली.
मग कॅटकडे पाहिलं, माझ्या हातातल्या.
बरं निघालं, म्हणाली.
कॉफी प्यायली, मांजराचं काही सांगितलं,
कोटाची बटणं मात्र शेवटपर्यंत लावलेलीच.

दारात थांबली, हातमोजे चढवत.
गोडेलीव,
पुढच्या वेळी कपाखाली बशी घेत जा.